मजकूर ठेवणे वेगळे, लोकांपुढे नेणे वेगळे आणि त्यावर कमावणे वेगळे

प्रश्न थोडक्यात असा: "मी न्यू जर्सीत राहतो आणि सबस्टॅकवर मराठीत वर्गणीचे न्यूजलेटर चालवतो. त्याच ठिकाणी नाझी विचारांची प्रकाशनेही चालतात, आणि कंपनी म्हणते की आम्ही अभिव्यक्तिस्वातंत्र्य मानतो. खासगी कंपनीला असा मजकूर ठेवणे कायद्याने भाग आहे का? काढला तर ही मंडळी दडून बसून जास्तच भडकणार नाहीत का? आणि मी तिथे राहावे की निघावे?"

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. भाग नाही. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते, कंपनीचे नाही. मॅनहॅटनमधल्या एका केबल वाहिनीच्या खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले: इतरांना बोलायला जागा दिली एवढ्यावरून खासगी संस्था सरकार ठरत नाही. सबस्टॅकने उद्या ही सगळी प्रकाशने उडवली, तरी त्यांच्या लेखकांना पहिल्या दुरुस्तीखाली दाद मागता येणार नाही. आणि ठेवली तरी त्या मजकुरासाठी कंपनीला सहसा कोणी कोर्टात खेचू शकत नाही, कारण १९९६ च्या कायद्याचे कलम २३०: दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरासाठी ते प्लॅटफॉर्मला जबाबदार धरू देत नाही. कायद्याने कंपनीला दोन्ही बाजूंनी मोकळे सोडले आहे. त्यामुळे "आम्ही स्वातंत्र्य मानतो म्हणून ठेवतो" हे तिने स्वतः निवडलेले धोरण आहे, आणि धोरण म्हटले की त्याचा हिशेब मागता येतो.

मी बरीच वर्षे कंटेंट मॉडरेशनमध्ये काढली. आधी रांगेत आलेले रिपोर्ट निकाली काढायचे काम होते, नंतर नियम लिहिण्याचे. बाहेर या विषयावर जी भांडणे चालतात त्यात एक गोष्ट मला सतत खटकते. "ठेवायचे की काढायचे" एवढाच प्रश्न असल्यासारखे सगळे बोलतात. प्रत्यक्षात कंपनी एका लेखाबाबत तीन निरनिराळ्या गोष्टी करत असते: तो आपल्या सर्व्हरवर राहू देते, तो न मागणाऱ्या माणसापुढे नेऊन ठेवते, आणि त्यातून पैसे घेते. तिन्हींचे नैतिक वजन वेगळे आहे आणि हळूहळू कायद्यातले वजनही वेगळे होत चालले आहे.

सबस्टॅकचेच पाहू. कंपनी २०१७ मध्ये सुरू झाली. कल्पना साधी होती: लेखकाने लिहायचे, वाचकाच्या इनबॉक्समध्ये जायचे, वर्गणीतले दहा टक्के कंपनीने घ्यायचे. वर्षाला साठ डॉलर भरणारा वाचक असेल तर सहा डॉलर कंपनीचे. पेमेंट कंपनीचे शुल्क त्यावर आणखी. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'द अटलांटिक'मध्ये पत्रकार जोनाथन कॅट्झ यांचा लेख आला. त्यांना किमान १६ न्यूजलेटरांच्या लोगोत किंवा ठळक चित्रांत स्वस्तिक (हिटलरचे, आपल्या दारावरचे नव्हे), 'काळा सूर्य' अशी उघड नाझी चिन्हे सापडली होती, आणि काहींवर वर्गणीही सुरू होती. डिसेंबरमध्ये दोनशेहून अधिक लेखकांनी सामूहिक पत्र लिहून जाब विचारला. दुसऱ्या बाजूनेही एक पत्र निघाले: कंपनीने संपादक होऊ नये, वाचक काय ते बघून घेतील. सहसंस्थापक हॅमिश मॅकेन्झी यांचे उत्तर असे होते की आम्हालाही नाझी आवडत नाहीत, पण सेन्सॉरशिपने किंवा कमाई बंद करण्याने हा प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो.

हे उत्तर ऐकायला तत्त्वनिष्ठ वाटते. पण त्याच कंपनीच्या नियमांत पोर्नोग्राफीला मनाई आहे आणि स्पॅमलाही. कायदेशीर असूनही नको असलेला मजकूर ती रोज काढते. ते चूक आहे असे मी म्हणत नाही. प्रत्येक प्लॅटफॉर्म तेच करतो, नाहीतर आठवड्याभरात तिथे व्हायग्राच्या जाहिरातींशिवाय काही उरणार नाही. माझा मुद्दा एवढाच की "आम्ही निवड करत नाही" हे वाक्य कोणत्याच प्लॅटफॉर्मच्या तोंडी शोभत नाही.

पुढे जानेवारी २०२४ मध्ये 'प्लॅटफॉर्मर' या न्यूजलेटरच्या केसी न्यूटन यांनी काही प्रकाशने कंपनीच्या नजरेस आणली. कंपनीने त्यातली पाच काढली, कारण दिले हिंसेला चिथावणीच्या जुन्याच नियमाचे. त्या सगळ्यांचे मिळून सक्रिय वाचक शंभराच्या आसपास होते आणि पैसे कोणीच घेत नव्हते, असेही सांगितले. न्यूटन तरीही बाहेर पडले. त्यावर अनेकांनी नाक मुरडले की शंभर वाचकांसाठी एवढा तमाशा कशाला. माझ्या मते न्यूटन यांनी नेमके ओळखले होते. त्यांची तक्रार संख्येची नव्हती. सबस्टॅक तोवर नुसते पत्र पोचवणारे राहिले नव्हते. २०२२ मध्ये एका लेखकाने दुसऱ्याची शिफारस करण्याची सोय आली, एप्रिल २०२३ मध्ये ट्विटरसारखी 'नोट्स' आली, मग ॲपमधला फीड. इनबॉक्समध्ये नाझी पत्र फक्त ते मागवणाऱ्यालाच मिळते. फीड आला की ते कोणाच्याही ताटात येऊ शकते. याचा पुरावा जुलै २०२५ मध्ये मिळाला: सबस्टॅकच्या ॲपने काही वापरकर्त्यांच्या फोनवर स्वस्तिकाचा लोगो असलेल्या एका न्यूजलेटरची शिफारस करणारे नोटिफिकेशन पाठवले. कंपनीने गंभीर चूक झाल्याचे सांगून माफी मागितली. ती चूक होती यावर माझा विश्वास आहे. कोणी बसून ते बटण दाबले नसणार. पण शिफारस करणाऱ्या यंत्राला काय शिफारस करायची नाही हे सांगितलेच नसेल, तर ते आज ना उद्या हे करणारच होते.

आता कायद्याचे. २०२४ मध्ये, प्लॅटफॉर्मच्या मॉडरेशनवर बंधने घालणाऱ्या टेक्सास आणि फ्लोरिडाच्या कायद्यांविरुद्धच्या खटल्यात मोठ्या कंपन्यांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की फीडमध्ये काय दाखवायचे याची निवड ही आमची स्वतःची अभिव्यक्ती आहे, सरकारने त्यात हात घालू नये. न्यायालयाने ते बऱ्याच अंशी मानले. पण निवड ही तुमची अभिव्यक्ती असेल, तर तिची जबाबदारीही तुमचीच, नाही का? ऑगस्ट २०२४ मध्ये थर्ड सर्किटच्या अपील न्यायालयाने टिकटॉकच्या एका प्रकरणात हाच धागा उचलला: अल्गोरिदमने एका लहान मुलीपुढे नेऊन ठेवलेला व्हिडिओ ही टिकटॉकची स्वतःची अभिव्यक्ती, म्हणून तिला कलम २३० चे कवच नाही. थर्ड सर्किट म्हणजे पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर आणि तुमचे न्यू जर्सी. इतर सर्किटांनी हे मानलेलेच आहे असे नाही, आणि नाझी लेखनाचा प्रश्न आला तर पहिली दुरुस्ती आडवी येईलच. अमेरिकेत १९६९ च्या ब्रँडनबर्ग निकालापासून द्वेषपूर्ण विचार मांडणे गुन्हा नाही. तत्काळ बेकायदा कृत्य घडवण्याच्या हेतूने आणि ते घडण्याची शक्यता असताना दिलेली चिथावणीच तेवढी शिक्षेला पात्र. जर्मनीत याच्या उलट. तिथे दंडसंहितेचे कलम ८६ए नाझी चिन्हांना आणि कलम १३० वंशद्वेषाच्या चिथावणीला गुन्हा मानते, आणि जागतिक प्लॅटफॉर्म अनेकदा तोच मजकूर जर्मनीपुरता झाकून बाकीकडे चालू ठेवतात.

तुम्ही विचारलेले नाही, पण या सगळ्यात लोकांना सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट सांगतो: यादी. मॉडरेशनच्या रांगेत इसिसचे मासिक आले तर ते काढायला कोणी चर्चा करत नाही. कारण अमेरिकी परराष्ट्र खाते विदेशी दहशतवादी संघटनांची यादी ठेवते आणि त्यातल्या संघटनेला जाणूनबुजून साहाय्य करणे गुन्हा आहे. देशांतर्गत संघटनांची अशी यादी अमेरिकेत नाही, आणि पहिल्या दुरुस्तीमुळे ती करणेही अवघड आहे. म्हणून रक्तपाताचे समर्थन इसिसने आणि देशी नाझींनी, दोघांनीही केलेले असले, तरी एकाचा मजकूर दुपारच्या जेवणाआधी गेलेला असतो आणि दुसऱ्यावर तीन विभागांची मीटिंग बसते. कंपन्या याला तत्त्व म्हणतात. रांगेत बसलेल्यांना ठाऊक असते की तत्त्व बहुतेक वेळा वकिलांनी पाठवलेल्या यादीपाशी संपते. गंमत म्हणजे २०२३ च्या ट्विटर विरुद्ध तामनेह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की इसिसवाले आपली सेवा वापरतात एवढ्यावरून कंपनी हल्ल्यात साहाय्यक ठरत नाही. म्हणजे ज्या भीतीने सगळे चटचट काढत होते ती थोडी फुगवलेलीच होती.

दुसरा प्रश्न: हाकलले की जास्त भडकतात का? मॅकेन्झींचा आणि तुमचाही रोख इथेच आहे. यावर चांगले संशोधन झाले आहे आणि ते कोणत्याच बाजूला पूर्ण सुख देत नाही. रेडिटने २०१५ मध्ये कृष्णवर्णीयांचा द्वेष करणारा एक आणि लठ्ठ माणसांची विटंबना करणारा एक असे दोन कुप्रसिद्ध गट बंद केले. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी नंतर त्यातल्या सदस्यांचा माग काढला. बरेच जण रेडिट सोडून गेले, आणि जे राहिले त्यांच्या लिहिण्यातले द्वेषाचे शब्द किमान ८० टक्क्यांनी घटले. घाण शेजारच्या गटांत पसरेल ही भीती खरी ठरली नाही. पण ट्रम्प समर्थकांचा एक मोठा गट रेडिटवरून उठून स्वतःच्या संकेतस्थळावर गेला, तेव्हाचे चित्र वेगळे होते: माणसे कमी झाली, नवे येणे आटले, मात्र जे तिथे पोचले त्यांची भाषा जास्त विखारी झाली. मी यातून असे समजतो की हाकलल्याने भरती कमी होते आणि आधीच भरती झालेल्यांना त्याचा उपयोग होत नाही. प्लॅटफॉर्मचे काम भरती रोखण्याचे आहे. भरती झालेल्यांचे काय करायचे ते पोलिसांचे, घरच्यांचे आणि समुपदेशकांचे काम, आणि न्यूजलेटर कंपनीने तो आव आणू नये.

काढण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी एक प्रकरण नेहमी सांगतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये ट्विटरने ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते निलंबित केले. कारण त्यांनी लावलेले एक छायाचित्र. १९३६, हॅम्बुर्गची गोदी, शेकडो हात नाझी सलामीसाठी वर, आणि मधोमध एक माणूस हाताची घडी घालून उभा. तो ऑगस्ट लँडमेसर असल्याचे मानले जाते. नाझींना नकार देणाऱ्या माणसाचे जगातले बहुधा सर्वांत प्रसिद्ध चित्र, आणि नियमाने त्याला 'द्वेषपूर्ण प्रतिमा' ठरवले. हेगडे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. असे का होते? कारण तपासणाऱ्याला एका पोस्टसाठी काही सेकंद मिळतात, आणि यंत्राला सलाम करणारा हात दिसतो, घडी दिसत नाही. सीरियातही असेच झाले. २०१७ मध्ये यूट्यूबने अतिरेकी मजकूर यंत्राने काढायला घेतला आणि त्यात युद्धगुन्ह्यांचे पुरावे म्हणून लोकांनी जपलेले हजारो व्हिडिओ गेले. काही परत आले, काही नाही.

चित्र आणि व्हिडिओसाठी निदान हॅश तरी असतो, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. १५ मार्च २०१९ ला ख्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये ५१ माणसे मारणाऱ्याने ते फेसबुकवर थेट दाखवले, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत फेसबुकने १५ लाख प्रती काढल्या, त्यातल्या १२ लाख अपलोड होतानाच अडवल्या. लोक काटछाट करून, रंग बदलून नव्याने चढवत होते, तरी यंत्र बऱ्यापैकी पुरले. लेखाचे तसे नाही. त्याच हल्लेखोराचा जाहीरनामा कोणी आपल्या शब्दांत लिहून काढला की ठसा जुळत नाही. द्वेष मग खुणांतून येतो: ज्यूंच्या नावाभोवती तीन कंस, ८८ हा आकडा (एच हे आठवे अक्षर, म्हणजे 'हाइल हिटलर'), 'लोकसंख्येची अदलाबदल' असे सभ्य शब्द. न्यूजलेटर ही लांब लेखनाची जागा आहे. तिथे भडक शिवी क्वचित येते, तळटीपा मात्र असतात. चार हजार शब्दांचा संयत वाटणारा लेख वाचून तो काय करतो आहे हे ठरवायला माणूस लागतो, आणि त्या भाषेतला माणूस लागतो. मराठीत तर एखाद्या आडनावावर दिलेला नुसता जोरही शिवी होऊ शकतो. इंग्रजीवर शिकवलेल्या यंत्राला त्यातले काही कळत नाही. तुमच्या न्यूजलेटरखाली येणाऱ्या प्रतिक्रियांचे मॉडरेशन तुम्हालाच करावे लागत असेल, ते याच कारणाने.

म्हणून मी कंपन्यांना मजकूर समूळ काढण्याचा नियम अरुंद ठेवायला सांगतो आणि बाकीच्या दोन गोष्टींबाबत कडक राहायला सांगतो. हिंसेची चिथावणी, नेम धरून केलेला छळ, हल्लेखोरांचा गौरव: हे काढा. उरलेला घाणेरडा पण कायदेशीर लेख मागणाऱ्याला मिळत असेल तर मिळू दे, पण त्याची शिफारस करू नका, शोधात वर आणू नका, नोटिफिकेशनमध्ये घालू नका आणि त्यावर दहा टक्के घेऊ नका. पैसे न घेणे याला सेन्सॉरशिप म्हणणे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही. लेखकाचे म्हणणे तसेच्या तसे जगापुढे राहते. फक्त त्यातून कंपनीचा नफा होत नाही आणि त्याचा पगार निघत नाही. चुकून कोणाला यात अडकवलेच, तरी त्याचा लेख जाळला जात नाही, आणि अपील करून परत येता येते. हेगडेंच्या चित्रासारख्या चुका मग कमी महाग पडतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पैसे रोखण्याचे हत्यार कोणाच्या हातात आहे ते पाहावे लागते. २०१० मध्ये विकिलीक्सला येणाऱ्या देणग्या व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपॅलने थांबवल्या. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जणांना मारणारा गॅब या समाजमाध्यमावर लिहीत होता, म्हणून पेपॅल आणि स्ट्राइपने गॅबला सोडले. दुसऱ्या घटनेत तुम्ही टाळ्या वाजवल्या असतील, पण नळ तोच आहे. प्रकाशन कंपनीने आपल्या लेखकांपैकी कोणाकडून कमिशन घ्यायचे हे ठरवणे आणि जगातल्या दोन-चार पेमेंट कंपन्यांनी कोणी लिहून जगायचे हे ठरवणे यांत मला मोठा फरक दिसतो. जितके खोल जाल तितके हत्यार बोथट. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलमधल्या गोऱ्या वंशवाद्यांच्या मोर्चानंतर, संकेतस्थळांना हल्ल्यांपासून वाचवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनी 'डेली स्टॉर्मर' या नाझी संकेतस्थळाचे संरक्षण काढून घेतले आणि लगेच लिहिले की इंटरनेटवर कोण राहील हे एका माणसाच्या मर्जीवर असू नये. क्लाउडफ्लेअरकडे एखादा लेख काढण्याची सोयच नसते. संकेतस्थळ पूर्ण सोडायचे किंवा पूर्ण ठेवायचे.

आणि हत्यार सरकारच्या हाती गेले की काय होते ते आपल्याकडे घडून गेले आहे. २०१४ च्या अखेरीस, मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तपासातून, इसिसचा मजकूर सापडतो म्हणून भारतात ३२ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश निघाला. त्यात पेस्टबिन होते, गिटहब होते, व्हिमिओ होते, इंटरनेट अर्काइव्हही होते. कोणीही, खाते न उघडता, मजकूर चिकटवू शकतो हेच काहींचे पाप. पुण्याबंगळुरातले प्रोग्रामर नव्या वर्षाच्या तोंडावर आपलाच कोड उघडेना म्हणून वैतागले होते. काही दिवसांत काही स्थळे खुली झाली. त्याआधी दोन वर्षे, २०१२ मध्ये, मुंबई बंदवर एकीने फेसबुकवर लिहिले आणि दुसरीने ते लाइक केले म्हणून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली होती. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, आक्षेपार्ह ऑनलाइन लेखनाला गुन्हा ठरवणारे कलम ६६ए रद्द झाले. त्याच निकालाने असेही सांगितले की प्लॅटफॉर्मवर जबाबदारी येते ती न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर, कोणीही तक्रार केली म्हणून नव्हे. तुमचे बरेच वाचक महाराष्ट्रात असतील तर हे लक्षात ठेवा: तिथे तुमचा लेख बंद करण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम ६९ए खाली सरकारकडे आहे, आणि सबस्टॅकच्या तत्त्वांना तिथे कोणी विचारत नाही.

राहायचे की निघायचे? मी तुमच्या जागी असतो तर आधी पैशांचे गणित मांडले असते. न्यूटन घोस्ट या दुसऱ्या न्यूजलेटर सेवेवर गेले. घोस्ट वर्गणीत वाटा मागत नाही, ठरलेले मासिक शुल्क घेते. म्हणजे वर्गणीदार थोडे असतील तर सबस्टॅक स्वस्त, बरेच असतील तर घोस्ट. पण घोस्टचे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे. ते उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर कोणीही चालवू शकतो, नाझीसुद्धा, आणि घोस्टला ते थांबवता येणार नाही. तिथे गेल्याने तुम्ही शुद्ध होत नाही. फक्त तुमच्या वर्गणीतला हिस्सा त्या फीडला पोसत नाही. बदल्यात शिफारशींतून येणारे नवे वाचक जातील. मराठी लेखकाला त्या शिफारशींतून किती मिळते ते डॅशबोर्डवर पाहा; आकडा छोटा निघाला तर तोटाही छोटा.

निर्णय काहीही घ्या, पण वर्गणीदारांची यादी आजच सीएसव्हीमध्ये उतरवून ठेवा आणि स्ट्राइपचे खाते तुमच्याच नावाचे आहे याची खात्री करा. ते तसे असेल तर स्ट्राइपमधून येणारी वर्गणी न तोडता दुसरीकडे नेता येते. आणि राहणार असाल तर रिपोर्ट करताना नुसते "हे नाझी आहे" असे लिहू नका. रांगेतला माणूस ते वाचून काही करू शकत नाही. लेखाची लिंक, नेमका परिच्छेद, चिन्ह कुठे आहे, वर्गणी सुरू आहे का, आणि तो तुमच्यापुढे कसा आला ते लिहा: शोधून, फीडमधून की नोटिफिकेशनमधून. शेवटची बाब बहुतेक लोक लिहीत नाहीत. पॉलिसी टीममध्ये बसून मी सर्वांत आधी तीच शोधत असे, कारण मजकूर लेखकाचा असला तरी तो तुमच्यापर्यंत आणण्याचे काम कंपनीचे असते आणि त्यावर "आमचा संबंध नाही" हे उत्तर देता येत नाही.